उगमाची नोंद : मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंस खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय,
मुंबई विद्यापीठ, मुंबई.



वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जूचंद्र ओलांडले की कामण रोड हे स्थानक लागते. ज्या गावावरून त्या स्थानकाला हे नाव मिळाले, त्या कामणहून हे पत्र आपणांस लिहीत आहे. एका अंगास तुंगारेश्वराचे अरण्य अंगावर पांघरलेले डोंगर व त्यांत उभा असलेला कामणदुर्ग, आणि दुसऱ्या अंगास चिंचोटीहून भिवंडीकडे अहोरात्र धावणाऱ्या मालमोटारी व त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या वखारी, अशा दोन निराळ्या काळांच्या मध्ये आमची वस्ती आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, तेव्हा आमच्या कागदपत्रांवरील जिल्ह्याचे नाव बदलले. परंतु येथल्या मुलामुलींना पदवी पूर्वीप्रमाणेच आपल्या विद्यापीठाची मिळते, आणि म्हणून मनात साठलेले हे निवेदन आपल्याच पायाशी ठेवणे मला उचित वाटले. मी माध्यमिक शाळेत मराठी व इतिहास हे विषय शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहे. घरी थोडा ग्रंथसंग्रह आहे, आणि महाविद्यालयात जाणारी मुले सुटीच्या दिवशी आपले लेखन दाखवावयास येतात. त्या लेखनाच्या अखेरच्या पानाविषयी, म्हणजे संदर्भसूचीविषयी, हे पत्र आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावातली एक मुलगी आपला प्रकल्पनिबंध घेऊन माझ्याकडे आली. तिच्या घराण्यातून पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. विषय कामणदुर्ग आणि त्याच्या पायथ्याचा परिसर हा होता, अक्षर सुरेख होते, आणि मजकुरात मधूनमधून तिने स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचे वर्णन होते, ते तर फारच सरस उतरले होते. शेवटच्या पानावर एकवीस ग्रंथांची नावे मांडलेली होती. त्यांतील किती ग्रंथ तू हातात घेतलेस, असे मी विचारले, ती क्षणभर थांबली आणि सरळपणे म्हणाली, "चार, गुरुजी." उरलेली सतरा नावे तिने मागील वर्षीच्या कोणा विद्यार्थ्याच्या निबंधातून उतरून घेतली होती, कारण सूचीत वीसएक पुस्तके तरी असावीच लागतात, असे तिला महाविद्यालयात सांगण्यात आले होते. ज्याच्याकडून तिने ती उतरवली, त्यानेही ती बहुधा अशीच कोणाकडून उतरवली असावीत. त्या मुलीचा यात अपराध आहे असे मला त्या वेळी वाटले नाही आणि आजही वाटत नाही. सूची कशासाठी असते, हे पंधरा-सोळा वर्षांच्या शिक्षणात तिला कोणीच सांगितले नव्हते, आणि ज्यांनी सांगावयाचे त्यांत मीही होतो.

योगायोग असा की, त्याच सकाळी तिचे वडील वारसनोंदीच्या कामासाठी काढलेला आपल्या जमिनीचा सातबारा मला वाचावयास देऊन गेले होते, आणि तो त्याच मेजावर तिच्या निबंधाशेजारी पडलेला होता. मी तो उचलून तिच्यापुढे धरला. महोदय, सातबाऱ्याचा कागद आमच्या भागातील निरक्षर म्हातारीलाही ओळखता येतो, आणि त्यावरचे कोणते चिन्ह महत्त्वाचे हेही तिला ठाऊक असते. खातेदाराच्या नावाशी एक आकडा लिहिलेला असतो. तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाच्या आधारे गाव नमुना सहामधील नोंदवही उघडली, म्हणजे हे नाव येथे कसे आले, खरेदीने आले की वारसाने, वाटणीने आले की न्यायालयाच्या हुकुमाने, हे तेथे लिहिलेले सापडते. ती नोंद कोणी केली, हितसंबंधितांना नोटीस दिली होती की नाही, कोणी हरकत घेतली काय, आणि मंडळ अधिकाऱ्याने ती केव्हा प्रमाणित केली, हा सारा इतिहास त्या एका आकड्याच्या मागे उभा असतो. 1966 च्या जमीन महसूल संहितेने अशा प्रमाणित नोंदीला एक मान दिलेला आहे : विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी समजावी. हा मान त्या नावाला मिळतो तो ते नाव मोठे असते म्हणून मिळत नाही. ते जेथून आले तेथवर जाण्याची वाट खुली ठेवलेली असते, म्हणून मिळतो. मी एवढे समजावून सांगितल्यावर ती मुलगी आपल्या सूचीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे गुरुजी, माझ्या यादीतल्या सतरा नावांना फेरफारच नाही."

संदर्भलेखनाविषयी याहून नेमके विधान मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. निबंधातील प्रत्येक विधान हे एका अर्थी मालकीहक्काचा दावा असतो. हे मी स्वतः पाहिले, हे मी अमुक कागदावरून घेतले, हा निष्कर्ष अमुक पंडिताचा आहे आणि तो मला मान्य आहे अथवा नाही, असे हक्कांचे निरनिराळे प्रकार असतात. ते वाचकाला वेगळे कळावेत आणि त्याला वाटल्यास मूळ दप्तरापर्यंत जाऊन पडताळणी करता यावी, एवढ्यासाठी तळटीप लिहावयाची असते. सूची ही विद्वत्तेची आरास नव्हे, आणि ज्यांनी आपल्याला काही दिले त्यांच्या आभाराचा तो केवळ उपचारही नव्हे. वैदिक काळापासून आपण ज्याला ऋषिऋण म्हणत आलो, त्या ऋणाचा हिशेब चोख ठेवण्याची ती वही आहे, आणि हिशेबाच्या वहीत खोटी रक्कम लिहिणे हे कर्ज बुडविण्याइतकेच गैर आहे.

हा संस्कार आपल्याकडे पश्चिमेकडून आला, अशी समजूत सुशिक्षितांत रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. मल्लिनाथाने कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहावयास घेताना, आधारावाचून काही लिहिणार नाही आणि अपेक्षित नसलेले काही सांगणार नाही, अशी प्रतिज्ञा केली होती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्या ज्यांनी चक्रधरांना पाहिले-ऐकले होते अशा माणसांना गाठून, त्यांना विचारून, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन. आणि पुढे त्या परंपरेने एखाद्या लीळेविषयी कोणाचा पाठ निराळा पडतो, तेही त्याच्या नावानिशी जपून ठेवले. मराठी गद्याचा आरंभच मुळी साक्षीदारांची नोंद ठेवण्यापासून झाला आहे, ही गोष्ट मराठीच्या अध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगावी अशी आहे. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि त्या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, अशी निक्षून सूचना केली. दुसऱ्याचे शब्द आणि आपले शब्द यांच्यामधली रेघ पुसू न देण्याची ही दक्षता आमच्या भाषेच्या हाडामांसात आहे. आज ती विसरली गेली असेल, तर तो विसर आमचा आहे.

आधुनिक काळात ही दक्षता विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ठायी तपश्चर्येच्या कोटीला पोहोचली. 1898 पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतील पत्रांना लेखांक आहेत, तिथी आहेत, आणि दप्तरे कोणाच्या घरी कशी सापडली, याची हकीगत प्रस्तावनांतून आहे. बखरींतील ऐकीव मजकूर आणि समकालीन अस्सल पत्र यांच्या प्रामाण्यात किती अंतर असते, हे महाराष्ट्राला त्यांनीच प्रथम खडसावून सांगितले. आम्हा उत्तर कोकणच्या रहिवाशांवर तर त्यांचे आणखी एक ऋण आहे. 'महिकावतीची बखर' त्यांनी 1924 मध्ये प्रकाशित केली, तेव्हा एका नावाखाली बांधलेल्या त्या पोथीत निरनिराळ्या लेखकांची, निरनिराळ्या काळची प्रकरणे एकत्र झाली आहेत, हे त्यांनी उलगडून दाखवले. केशवाचार्यांचा शके 1370 चा भाग कोणता आणि मागाहूनच्या हातांनी जोडलेला कोणता, हे वेगळे केले. आज आमच्या पंचक्रोशीतला जो लेखक "बखरीत असे म्हटले आहे" एवढे लिहून पुढे जातो, त्याने राजवाड्यांचे श्रम व्यर्थ घालवले असेच म्हटले पाहिजे. कारण बखरीच्या कोणत्या प्रकरणात, कोणाच्या लेखणीने आणि कोणत्या शतकात, हाच तर खरा प्रश्न होता. पुढे वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी साधनांची पारख कशी करावी या विषयालाच 'साधन-चिकित्सा' हा संपूर्ण ग्रंथ वाहिला, आणि शंकर गणेश दाते यांनी 1800 पासून 1937 पर्यंतच्या, व नंतर 1950 पर्यंतच्या, मराठी ग्रंथांची सूची एकेक पुस्तक तपासून तयार केली. दात्यांचे नाव आजच्या किती पदवीधरांस ठाऊक आहे, हे मी विचारत नाही. पण त्यांनी जे आयुष्य वेचले ते याच साध्या श्रद्धेपायी, की पुस्तकाचे नाव, कर्ता, आवृत्ती, प्रकाशक आणि साल ही अचूक लिहिलेली असली पाहिजेत.

आमच्या तालुक्यातलेच आणखी एक उदाहरण आपल्यापुढे ठेवतो. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्यांना तेथे सापडला. काय सापडले, कोठे सापडले, ते कसे वाचले, हे त्यांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केले; त्याच वर्षी निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरलाही त्यांच्या विद्वत्तेचा लाभ झाला, आणि संपादक कॅम्पबेल यांनी साहाय्यकांचे ऋण नावानिशी मान्य केले. त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, 1956 मध्ये, जवळच्याच भुईगावी नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. पहिल्याची नोंद पक्की होती, म्हणून दुसरा तुकडा हाती येताच तो त्याच्याशेजारी ठेवून वाचता आला, आणि सोपाऱ्यास अशोकाच्या आदेशांची मालिका कोरलेली होती, या अनुमानाला बळकटी आली. त्याच गॅझेटियरच्या पानांखाली गर्सन दा कुन्हा यांच्या 1876 सालच्या वसई-चौलविषयक ग्रंथाचे हवाले आढळतात. अशा रीतीने एकाचा हात दुसऱ्याच्या हाती येत गेला, म्हणूनच वसईचा इतिहास आज आम्हांस सलग वाचता येतो. मधला एक जरी आपला आधार सांगावयास विसरला असता, तर त्याच्या पलीकडचे सारे आमच्या दृष्टीने काळोखात गेले असते.

आणि महोदय, आपण ज्या आसनावर विराजमान आहात, त्याची परंपरा तर याच गुणाने उजळलेली आहे. दख्खनचा प्राचीन इतिहास ताम्रपट, नाणी व शिलालेख यांच्या आधारावाचून एक पाऊल पुढे न टाकता लिहिणारे रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे याच विद्यापीठाचे कुलगुरू होते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हेही येथे कुलगुरू होते. 1930 ते 1962 या काळात पाच खंडांत पूर्ण झालेला त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास उघडून पाहावा : कित्येक पानांवर वरचा मजकूर चार ओळींचा आणि खालच्या टिपा पानभर, अशी रचना दिसेल. त्या टिपांत मूळ संस्कृत वचने ग्रंथ, अध्याय व श्लोकांक यांसह दिलेली आहेत, आणि ज्याला काण्यांचे मत मान्य नाही त्यालाही त्यांचे खंडन करण्याची सामग्री काण्यांच्याच पानावर मिळते. आपल्या प्रतिपक्षाच्या हाती आपणच शस्त्र द्यावे, हे धैर्य ज्या विद्वत्तेत असते तीच खरी विद्वत्ता. त्या आसनावरून संदर्भलेखनाविषयी निघालेला शब्द केवळ परिपत्रक राहणार नाही, त्याला अधिकार येईल.

आज या क्षेत्रात कायदा नाही असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली शैक्षणिक सचोटी व वाङ्मयचौर्यप्रतिबंध यांविषयी विनियम केले. त्यांत साम्याचे चार स्तर ठरवले आहेत : दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारलेला प्रबंध सादर करावयाचा, चाळीस ते साठ टक्क्यांत एक वर्षापर्यंत सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई, आणि त्याहून अधिक झाल्यास नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत आधारासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश ही या मोजणीतून वगळलेली आहेत. हे सारे आवश्यकच होते. परंतु व्यवहारात घडले ते असे की, विद्यार्थ्यांनी विनियमांतला आकडा तेवढा उचलला. "सर, माझे आठ टक्के आले," असे मुले मला आनंदाने सांगतात, जणू तो ज्वर उतरल्याचा आकडा आहे. दुसऱ्याच्या परिच्छेदातील शब्द फिरवून, क्रियापदे बदलून, वाक्ये मागेपुढे करून आकडा खाली आणता येतो, आणि ज्याचा विचार उचलला त्याचे नाव कोठेही न लिहिता निबंध निर्दोष ठरतो. उलट मूळ शब्द प्रामाणिकपणे जसेच्या तसे देणारा, पण अवतरणाची खूण करण्याची रीत ठाऊक नसलेला विद्यार्थी दोषी ठरतो. यंत्राला साम्य मोजता येते. एखाद्याने खरोखर पुस्तक उघडले होते की नाही, हे त्याला मोजता येत नाही.

याहून चिंताजनक गोष्ट अलीकडे घडू लागली आहे. प्रश्न विचारला असता क्षणात निबंध रचून देणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या हातातील दूरध्वनीत आहेत, आणि ती निबंधाबरोबर संदर्भसूचीही रचून देतात. त्या सूचीत कधी कधी असे ग्रंथ असतात की जे कोणी लिहिलेच नाहीत. जून 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला मिळून पाच हजार डॉलरांचा दंड केला, कारण यंत्राने कल्पिलेले, कोठेही अस्तित्वात नसलेले न्यायनिवाडे त्यांनी आधार म्हणून न्यायालयापुढे मांडले होते. तेथे प्रतिपक्षाचा वकील ते निवाडे शोधावयास गेला, म्हणून उघडकीस आले. आमच्या महाविद्यालयीन प्रकल्पांच्या शेवटच्या पानावरील ग्रंथ शोधावयास कोण जातो? ज्या सूचीची पडताळणी कधीच होणार नाही अशी लिहिणाऱ्याची खात्री असते, ती सूची खोटी होण्यास वेळ लागत नाही; आणि खोटी सूची लिहून गुण मिळवलेला तरुण उद्या कचेरीत, वृत्तपत्रात वा विधिमंडळात जाऊन बसतो, तेव्हा तो ही सवय बरोबर घेऊनच जातो.

आता मराठीत लिहिणाऱ्याच्या विशेष अडचणी सांगतो, कारण त्या इंग्रजी नियमपुस्तिकांनी सुटणाऱ्या नाहीत. शिकागोची नियमावली 1906 पासून, आणि अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांची 1929 पासून, अशा पुस्तिका तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सुधारत आल्या आहेत. कंसात कर्त्याचे नाव व साल देण्याच्या रीतीचा आरंभ हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या 1881 सालच्या एका शोधनिबंधाकडे नेला जातो. त्या रीती त्यांच्या ग्रंथव्यवहारातून उगवल्या आहेत. आमच्याकडे जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बहुधा केवळ शके असतो. शके 1846 म्हणजे चैत्रापासून डिसेंबरअखेर 1924 आणि पुढे फाल्गुनअखेरपर्यंत 1925, मग कंसात कोणते साल लिहावे? केशवसुत असे लिहावे की दामले, कुसुमाग्रज की शिरवाडकर? ज्ञानेश्वरांना आडनावाखाली शोधावयाचे काय? आमच्या पंचक्रोशीत पाटील, म्हात्रे, भोईर यांची अशी दाटी आहे की नुसते आडनाव व साल लिहून कोणाचीच ओळख पटत नाही. ज्ञानेश्वरीचा आधार पृष्ठाने द्यावा की अध्याय व ओवी यांच्या क्रमाने? अभंगाचा क्रमांक तर गाथेच्या प्रतीप्रतीला बदलतो, मग कोणती प्रत हे सांगितल्यावाचून तो क्रमांक निरर्थक ठरतो. अकारविल्हे लावताना संगणक क्षीरसागर यांना क वर्गात कोलते यांच्यामागोमाग नेऊन बसवतो आणि ळ ला ल च्या पाठीशी उभा करतो, तर शाळेत शिकवलेली वर्णमाला ळ, क्ष, ज्ञ यांना ह नंतर ठेवते. परिणामी एकाच विभागातील दोन निबंधांच्या सूच्या दोन निराळ्या क्रमांनी लागलेल्या मी पाहिल्या आहेत. मोडी कागदाचा हवाला कसा द्यावा, देवळाच्या पायरीवरील लेखाचा कसा द्यावा, आणि वारली वा मल्हार कोळी समाजातील वृद्धेने सांगितलेल्या कथेचा कसा द्यावा, यांविषयी तर विद्यार्थ्याला कोणी एक शब्द सांगत नाही. आणि सांगितला नाही म्हणून तो अशा आधारांना आधारच मानीत नाही. याहून मोठी हानी कोणती?

म्हणून माझ्या विनंत्या मोजक्या आहेत. 2018 च्या त्याच विनियमांनी उच्च शिक्षणसंस्थांना असेही सांगितले आहे की, आधार कसा द्यावा हे विद्यार्थ्यांस शिकवावे, दर सत्रात त्याविषयी जागृतीचे कार्यक्रम करावेत, आणि शैक्षणिक सचोटीची मूलतत्त्वे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत अनिवार्य घटक म्हणून समाविष्ट करावीत. दंडाच्या कलमांची जेवढी वाच्यता झाली, तेवढी या कलमांची झालेली नाही. संशोधन व प्रकाशननीतीचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या उंबरठ्यावर शिकवला जातो. परंतु नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्रप्रकल्प आता पदवीच्या वर्गांतच आले आहेत, तेव्हा हे शिक्षण प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात, आणि मराठीतून, दिले जावे, ही पहिली विनंती.

दुसरी विनंती अशी की, देवनागरीत मराठी संदर्भलेखनाची एक प्रमाण पुस्तिका विद्यापीठाने सिद्ध करावी. आपल्याकडे मराठी विभाग आहे, ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे. ज्या मराठी विश्वकोशाच्या नोंदींखाली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनापासून संदर्भ देण्याची शिस्त चालत आली, त्याचे मंडळ आहे. आणि ज्या रिद्धपुरी म्हाइंभटांनी लीळा पडताळून घेतल्या, तेथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात दर्जा दिला. अभिजात भाषेला आपल्या ग्रंथांचा हवाला देण्याची स्वतःची सर्वमान्य रीत नसावी, हे शोभणारे नाही. ही पुस्तिका शंभर पानांची झाली तरी पुरे, पण तिच्यात शकाचा, टोपणनावाचा, ओवीचा, मोडी कागदाचा आणि मौखिक साक्षीचा नमुना दिलेला असावा.

तिसरी विनंती खर्चाची नाही. सूचीत किमान इतके ग्रंथ हवेत, हा दंडक जेथे रूढ झाला असेल तेथे स्पष्ट शब्दांत रद्द करावा, आणि मौखिक परीक्षेत परीक्षकाने विद्यार्थ्याच्या सूचीतील कोणतीही तीन नावे निवडून, यातून तू काय घेतलेस आणि ते कोणत्या पानावर आहे, एवढेच विचारावे. या एका प्रश्नाचे भय कोणत्याही यंत्राच्या आकड्याहून अधिक उपकारक ठरेल.

यावर असे म्हटले जाईल की, ग्रामीण महाविद्यालयातील गरीब विद्यार्थ्याला ग्रंथ मिळतच नाहीत, तेव्हा त्याच्याकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. मला हे मान्य नाही, आणि मी त्याच विद्यार्थ्यांमध्ये राहतो. शासनाच्या दर्शनिका विभागाने जुने गॅझेटियर सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. देशभरातील प्रबंध शोधगंगेवर वाचता येतात. जे मिळाले नाही ते मिळाले असे लिहू नये, एवढीच प्रामाणिकपणाची अट आहे; आणि ही अट श्रीमंताला जेवढी पेलते तेवढीच गरिबालाही. गरिबाच्या पोरीला खोटी सूची माफ करावयाची, म्हणजे तिच्याकडून खऱ्याची आशाच सोडून द्यावयाची. ती दया नव्हे.

त्या मुलीने पुढे काय केले, ते सांगून हे लांबलेले पत्र पुरे करतो. तिने सतरा नावे स्वतःच्या हाताने खोडली. उरलेल्या चारांतील तिने घेतलेल्या प्रत्येक मजकुराला पृष्ठांक लावले. त्यांतले दोन जुळेनात, तेव्हा पुन्हा ग्रंथालयात जाऊन ते दुरुस्त केले. राजवाड्यांची महिकावतीची प्रस्तावना माझ्याकडून नेऊन वाचली आणि पाचवे नाव लिहिले. मग एके संध्याकाळी तिने आपल्या आजीला समोर बसवून दुर्गावरच्या पाण्याच्या टाक्यांविषयी आणि गुरे चारावयास जाण्याच्या जुन्या वाटेविषयी विचारले, आणि सूचीच्या अखेरीस आजीचे संपूर्ण नाव, वय, गाव, भेटीची तारीख व भेटीचे ठिकाण लिहून, मौखिक माहिती असा निर्देश केला. एकवीस नावांच्या जागी सहा नावे राहिली, आणि त्यांपैकी एकही असे नव्हते की ज्याच्यापाशी जाऊन विचारता येणार नाही. आजीने ते पान हातात धरून आपले नाव कोठे आहे असे विचारले आणि नातीने बोट ठेवून दाखवले, तेव्हा मी तेथे होतो.

कुलगुरू महोदय, अशी सहा नावांची सूची आपल्या विद्यापीठात पूर्ण गुणांस पात्र ठरेल, एवढे अभय आपण आमच्या मुलांना द्यावे, आणि ती कशी लिहावी हे त्यांना त्यांच्या भाषेत शिकवण्याची व्यवस्था येत्या शैक्षणिक वर्षापासून करावी, ही आग्रहाची प्रार्थना आहे.



आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
कामण, तालुका वसई, जिल्हा पालघर